कृषी केंद्राच्या बिलावर गेलेला गेम

"साहेब, तुमचं हे दारव्ह्याचं कृषी केंद्र जर्मनीले विकते तरी काय?"

यवतमाळच्या मोठ्या शाखेत परदेशी पैशाचं टेबल सांभाळणाऱ्या मॅडमनी मला हे विचारलं, तेव्हा त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. त्यांच्या पुढ्यात मी बनवलेलं बिल होतं. माथ्यावर दुकानाचं नाव, त्याखाली इंग्रजीत बियाणे, खते, कीटकनाशके. मालाच्या रकान्यात 'व्हिडिओ गेम'. नग एक. एककाच्या रकान्यात 'बॅग'.

"सॉफ्टवेअर," मी म्हणालो.

"बॅगमधी?"

शेजारच्या टेबलावरचा माणूस खुदकन हसला. मी चिडलो. त्या बाईंवर, त्यांच्या संगणकावर, जर्मनीवर. स्वतःवर चिडायला मला बराच वेळ लागला, आणि त्या मधल्या वेळात मी जे केलं ते आजपर्यंत चारचौघांत बोललो नव्हतो.

मी कर सल्लागार आहे. आमच्याकडे लोक वकीलसाहेब म्हणतात, कोर्टाची पायरी न चढताही. किराणावाले, जिनिंगवाले, डॉक्टर, सगळ्यांचं माझ्या कपाटात काही ना काही आहे, आणि कुणाचं किती याचा ब्र मी बाहेर काढत नाही. न बोलणं हा आमच्या धंद्यातला गुण. घरी तोच दुर्गुण. बायको म्हणते, "तुम्ही सारं पोटात ठेवता अन् मंग ॲसिडिटीची गोळी मांगता."

दारव्ह्याचा हा कृषी केंद्रवाला माझा जुना पक्षकार. हिशेबाला पक्का, बोलायला मोकळा, हंगामात त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्याची धाकटी बहीण पुण्याला संगणक शिकून, तिथे दोन-तीन वर्षं नोकरी करून परत आली आणि दुकानाच्या माडीवर बसून गेम बनवायला लागली. कळंबची एक मैत्रीण तिच्यासाठी चित्रं काढायची. एवढाच तो स्टुडिओ. खाली युरियाचा वास, वर दोन मॉनिटर आणि एक टेबल फॅन.

गेम मी पाहिला आहे. बाजाराच्या दिवशी स्टँडवर उभी असलेली जीप भरायची. म्हातारी, तिची बकरी, शाळेचा मास्तर, कापसाचा व्यापारी, नवं लग्न झालेलं जोडपं. कोणाला कोणाशेजारी बसवायचं, हे कोडं. व्यापाऱ्याजवळ बकरी बसवली की तो उतरून जातो. दोन भांडलेल्या जावा एका बाकावर आल्या की गाडी सुटतच नाही. मला वाटलं होतं, हे दारव्ह्याच्या बाहेर कोणाला कळणार? तर जर्मनीतल्या एका कंपनीला कळलं. त्यांना तो गेम पुरा करवून घेऊन जगभर विकायचा होता. त्यासाठी ते टप्प्याटप्प्यानं पैसे देणार होते.

ती माझ्याकडे आली ती भावाला घेऊनच.

"काका, बाहेरून पैसे येणार आहेत. मी काय काय करू? माह्या नावानं काही काढा लागते का?"

खरं उत्तर असं होतं, की परदेशातून आलेल्या कामाच्या पैशाचं मी तोवर एकही प्रकरण हाताळलेलं नव्हतं. मला त्यातलं वरवरचं माहीत होतं. पण समोर पक्षकार बसलेला, त्याची बहीण हातात पेन घेऊन बसलेली. मी खुर्चीत मागे रेललो आणि म्हणालो, "नवं कायले काढता? भावाची फर्म आहे, जीएसटी नंबर आहे, चालू खातं आहे. त्याच्यातच घालून देऊ. एक धंदा वाढवून घेतला का झालं."

आमच्याकडे हीच रीत आहे. एकाच नंबरावर दुकान, ट्रॅक्टरचं भाडं, बायकोचं शिवणकाम, मेव्हण्याचं मंडप डेकोरेशन. सरकार विचारत नाही तोवर सगळं एका छत्रीखाली. मी असे कितीतरी संसार एका नंबरात बसवले आहेत.

"पण काका, गेम माह्या नावावर राहीन ना?"

"अवं, उद्या तुझं लग्न होईन, नाव बदलन, पत्ता बदलन. मंग सारे कागद पुन्हा करा लागतील. घरच्या घरात माझं-तुझं काय असते?"

भाऊ म्हणाला, "बरोबर आहे साहेबाचं." तिनं पेनाला टोपण लावलं. मला तेव्हा ते टोपण दिसलं आणि मी त्याकडे दुर्लक्ष केलं, हेही लिहून टाकतो.

करार झाला तो भावाच्या फर्मशी, कारण तीच तर फर्म होती. करार वाचला तिनं, त्यांच्या शंकांना उत्तरं लिहिली तिनं, सही केली भावानं. पहिल्या टप्प्याचं बिल पाठवायची वेळ आली तेव्हा ऐन पेरणीचा हंगाम होता. भावाला गल्ल्यावरून उठता येईना. मी दुकानात गेलो आणि त्याच्या बिलाच्या सॉफ्टवेअरवर बसलो. ते सॉफ्टवेअर युरियासाठी केलेलं. त्यात एककाच्या जागी बॅग, लिटर आणि पाकीट याखेरीज काही निवडता येत नव्हतं. पाकीट बरं दिसेना. मी बॅग निवडलं. मागे एक जण ओरडत होता, "साहेब, तुमची बॅग झाली असंन त आमची काढा ना बाप्पा." मी बटण दाबलं. बिल जर्मनीला गेलं.

पैसे निघाले आणि आपल्या बँकेत येऊन अडकले. बाहेरून पैसा आला की तो कशाबद्दल आला याचा एक ठरलेला कोड बँकेला सांगावा लागतो, आणि त्याला साजेसे कागद द्यावे लागतात. मी कोड दिला सॉफ्टवेअरचा. कागद दिला खताच्या दुकानाचा. मॅडम म्हणाल्या, करार आणा. करार दिला. तर म्हणाल्या, यात गेम बनवणारा म्हणून ज्यांची सही आहे, त्यांचा धंदा आमच्याकडे बियाणे-खतांचा नोंदलेला आहे. मी म्हणालो, धंदा वाढवून घेतलाय. तर तो वाढवलेला धंदा जीएसटीत होता, बँकेत नव्हता. बँकेत नोंदवायचा तर दारव्ह्याची शाखा. दारव्ह्याच्या शाखेत साहेब रजेवर. साहेब आले तर लाइन नाही. लाइन आली तर तो दिवस दुसऱ्या शनिवारचा. सोमवारी इकडे बँक चालू, तर तिकडे जर्मनीत कुठलीशी सुट्टी. माझं सगळं आयुष्य यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर निघून जातं की काय, असं वाटायला लागलं. मॅडमचं एकच वाक्य होतं, "सर, माझी काहीच हरकत नाही, सिस्टीम घेत नाही."

या घोळात जर्मनीवाल्यांच्याच हिशेबखात्यानं ते बिल उघडून नीट वाचलं. गेमचे पैसे आपण कीटकनाशकांच्या दुकानाला का देतोय, आणि बॅगेत नेमकं काय होतं, असा त्यांना प्रश्न पडला. पडणारच. त्यांनी पैसे परत मागवले आणि करार थांबवून ठेवला.

तिचा फोन आला.

"काका, पैसे वापस गेले म्हणतात ते. काय झालं असंन?"

मला माहीत होतं काय झालं ते. बँकेच्या पायरीवर उभा होतो, हातात त्याच बिलाची प्रत होती. आणि मी म्हणालो, "तुनं तो त्यांचा परदेशी टॅक्सचा फॉर्म भरलता ना, त्याच्यात काहीतरी चुकलं असंन. ते लोक लय बारीक पाहतात."

 ती म्हणाली, "मी तीनदा तपासला होता."

"होते असं. नवीन माणसाच्या हातून होते."

एवढंच. यापेक्षा मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नसेन असं नाही. आमच्या धंद्यात इकडचं तिकडे होतंच. पण ते कागदाशी बोललेलं खोटं असतं. हे एका मुलीशी बोललेलं होतं, आणि तिनं ते खरं मानलं. तिनं कंपनीला माफीचं पत्र लिहिलं. तो फॉर्म पुन्हा भरला, जो मुळात बरोबर होता. कळंबच्या मैत्रिणीला सांगितलं, माझ्या चुकीनं तुझे पैसे लांबले.

पुढच्या आठवड्यात दुकानात गेलो तर भाऊ तिला खालूनच हाका मारून चिडवत होता. "पुण्याले शिकून आली अन् एक फॉर्म नाई भरता आला मॅडमले. साहेब, तुम्हीच शिकवा आता हिले." त्यानं माझ्यासाठी चहा मागवला. मी चहा प्यालो.

मग कंपनीनं कळवलं, की आम्हाला फर्मच्या मालकाशी समोरासमोर बोलायचं आहे. दुपारी दोनची वेळ ठरली, त्यांची सकाळ. भावाला गिऱ्हाईक सोडून माडीवर आणलं, नवा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसवलं. बहीण त्याच्या डाव्या हाताला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. मी उजव्या हाताला. मालक तो होता ना, कागदावर.

जर्मनीवाल्या बाई अदबीनं बोलत होत्या. त्यांनी विचारलं, जीपमधल्या बकरीचा नियम तुम्ही नंतर का बदलला?

भावानं डावीकडे पाहिलं. बहीण हळूच काही म्हणाली. भाऊ म्हणाला, "बकरी व्हेरी इम्पॉर्टंट."

बाईंनी पुढचा प्रश्न विचारला. पुन्हा डावीकडे पाहणं, पुन्हा कुजबुज, पुन्हा अर्धं वाक्य. चौथ्या प्रश्नाला बाई थांबल्या. म्हणाल्या, तुमच्या शेजारी जे कोणी आहे, त्यांच्याशी मी बोलू का?

भाऊ घामाघूम झाला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कागद चाळत होतो, जणू त्यात उत्तर होतं. शेवटी त्यानंच लॅपटॉप डावीकडे फिरवला. मग ती अर्धा तास बोलली. बकरीचं, जावांचं, जीपच्या हॉर्नचा आवाज स्टँडवर जाऊन कसा भरून आणला त्याचं. मी इतकं सलग बोलताना तिला ऐकलं नव्हतं. पलीकडच्या बाई हसल्यासुद्धा. पण बोलणं संपवताना त्या म्हणाल्या ते स्पष्ट होतं. ज्यानं गेम बनवला तो एक, करार दुसऱ्याशी, बिल तिसऱ्याच वस्तूच्या दुकानाचं. असं आम्हाला चालणार नाही. गेम कायद्यानं कोणाचा आहे ते कागदावर दाखवा, आणि ते बिल कोणी, का बनवलं ते लेखी द्या. महिनाअखेरपर्यंत. नाहीतर आम्ही या गेममधून बाजूला होऊ.

लॅपटॉप मिटल्यावर भाऊ शर्टाची वरची बटणं काढत म्हणाला, "हिच्या एका फॉर्मानं केवढा कुटाणा झाला पाहा."

मी खरं सांगू शकत होतो. तोंड उघडायचं फक्त. मी म्हणालो, "पाहू काय करता येते ते," आणि खाली उतरलो.

घरी आल्यावर जेवलो नाही. बायकोनं विचारलं काय झालं, मी म्हटलं बँक. ती म्हणाली, "बँकेनं जेवण सुटत नाई माणसाचं." मग मी तिला सांगितलं. सगळं. पोळ्या गार होईपर्यंत. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मले कायले सांगून राह्यले? मी काय जर्मनीची आहो? जा ना दारव्ह्याले."

दुसऱ्या दिवशी गेलो. दुपारची वेळ, दुकानात गर्दी कमी. भावाला म्हटलं वर ये. तिघं बसलो. मी उभ्यानंच बोललो असतो तर बरं झालं असतं, पण त्यांनी खुर्ची दिली.

"फॉर्म बरोबर होता," मी म्हणालो. "पहिल्यापासून. बिल चुकलं होतं, ते मी बनवलं होतं. आणि भावाच्या नावावर घाला हा सल्लाही माझाच. बाहेरच्या पैशाचं मला काही येत नव्हतं. येत नाही म्हणायची लाज वाटली."

भाऊ आधी हसला. त्याला वाटलं मी बहिणीला वाचवतोय. मग माझं तोंड पाहून थांबला.

"म्हंजे दीड महिना मी हिले बोलून राह्यलो ते..."

"हो."

"अन् तुम्ही इथंच बसून चहा पिऊन राह्यलते."

"हो."

ती माझ्याकडे पाहत नव्हती. मॉनिटरकडे पाहत होती, आणि मॉनिटर बंद होता. म्हणाली, "काका, त्या कळंबवालीनं परवा दुसरीकडे काम धरलं. हैदराबादले. मी तिले म्हटलं होतं, माह्याच चुकीनं झालं, तू थांबू नको."

 

भावाचा राग माझ्यावर होता, पण त्याची अडचण वेगळीच होती. मधल्या काळात गावातल्या व्यापाऱ्यांनी त्याचा सत्कार केला होता. तालुक्यातून परदेशात गेम विकणारा पहिला उद्योजक, म्हणून शाल-श्रीफळ. चौकात त्याचा हसरा फोटो असलेलं फ्लेक्स लागलं होतं. तेव्हा बहिणीनंच टाळ्या वाजवल्या होत्या. आता गेम बहिणीच्या नावे लिहून द्यायचा तर लोकांना काय सांगायचं?

"लोक म्हनतीन, भावानं बहिणीचं लाटलं होतं, आता सापडला," तो म्हणाला. "मी काई लाटलं का, साहेब? तुम्हीच म्हणले, नवा नंबर कायले."

"नाही लाटलं. मी सांगीन कोणालाही."

"तुम्ही सांगान?" तो म्हणाला. "तुम्ही त साधं हिले नाई सांगू शकले."

बरोबर होतं. तो उठून खिडकीशी गेला. तिथून चौक दिसतो. तिथूनच म्हणाला, "ते बकरीचं इचारलं ना त्या बाईनं, तवाच समजलं होतं मले. हे माह्यं नोहे. सांगा कुठं सही करायची ते."

बहीण म्हणाली, "दादा, वाचून सही कर यावेळी."

स्टॅम्प पेपर आणला, गेमचे सगळे हक्क बहिणीच्या नावे झाले. कंपनीसाठीचं पत्र मी तिथेच बसून लिहिलं. वाचायला तिच्याकडे दिलं. मी लिहिलं होतं, आमच्या कार्यालयाकडून अनवधानाने चुकीचे बिल पाठवले गेले.

"तुमच्या कार्यालयात कोण आहे, काका?"

"मी."

"अन्?"

"पंखा," भाऊ म्हणाला. आणि स्वतःच हसला. ती मात्र हसली नाही. तिनं पत्र माझ्याकडे सरकवलं. मी माझं नाव घातलं, चूक माझी लिहिली, आणि ही चूक लपवण्यासाठी मी दोष हिच्यावर ढकलला होता, हेही लिहिलं. ते वाक्य तिनं सांगितलं नव्हतं. कंपनीला त्याची गरज होती की नाही, ठाऊक नाही. तिच्या त्या माफीपत्राचं उत्तर त्यांच्याकडे असायला हवं होतं, एवढंच मला कळत होतं.

कंपनीनं मानलं, पण आधीच्या अटींवर नाही. नवा करार तिच्या नावानं झाला, आणि पहिले पैसे आधी नव्हे तर गेमचा मोठा भाग हाती आल्यावर मिळतील, असं ठरलं. चित्रं काढायला माणूस नव्हता. ती मैत्रीण परत आली नाही. हैदराबादला ती आता बरी कमावते असं ऐकतो. त्यात माझं श्रेय काही नाही. अपुऱ्या चित्रांवर ही पोरगी चार महिने एकटी बसली. मी वर गेलो की दिसायचं, अर्धी जीप रंगवलेली आणि अर्धी नुसत्या रेघांची.

तिचं खातं काढायला मी सोबत गेलो होतो. तिनंच म्हटलं होतं, या, पण बोलू नका. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, लग्न झाल्यावर खात्याचं काय करणार? ती म्हणाली, "चालवीन." मी भिंतीवरच्या व्याजदराच्या तक्त्याकडे पाहत राहिलो.

पैसे आले ते गेल्या दिवाळीनंतर. एका फटक्यात, विनाकटकट, तिच्या खात्यात. मला हे तिनं कळवलं नाही. माझ्या फोनवर आलेल्या मेसेजवरून कळलं, कारण जीएसटीच्या नोंदणीपासून बँकेपर्यंत सगळीकडे मी माझाच नंबर टाकला होता. हीही आमची रीत. पक्षकाराला ओटीपीसाठी दहा वेळा फोन कोण करणार, म्हणून आम्ही आमचाच नंबर देतो. तिच्या नव्या नोंदणीचे आणि खात्याचे फॉर्म भरतानाही मी तेच केलं होतं. इतकं सगळं होऊन गेल्यावर, हाताच्या सवयीनं.

दोन दिवसांनी ती यवतमाळला आली. लॅपटॉप माझ्या टेबलावर उघडला आणि म्हणाली, "काका, सगळीकडचा मोबाईल नंबर बदलायचा आहे. जुन्या नंबरावर ओटीपी येईन, तेवढा सांगा."

एकेक करत सगळीकडे नंबर बदलला. माझा फोन वाजायचा, मी आकडे वाचायचो, ती टाकायची. मध्ये पोर्टल बंद पडलं तेव्हा दोघंही फिरणाऱ्या चक्राकडे पाहत बसलो. चहा मागवू का विचारलं, ती नको म्हणाली.

शेवटचा आकडा टाकून झाल्यावर ती लॅपटॉप मिटता मिटता थांबली.

"एक इचारायचं होतं. जर्मनीवाल्यायनं जो टॅक्स तिकडेच कापला, तो माह्या इकडच्या टॅक्समधून वजा होते का पूर्ण? का काही भागच?"

मी मागे रेलणार होतो. खुर्चीचा आवाजही झाला. मला थोडंफार वाचलेलं आठवत होतं, दोन देशांमधला करार, एक फॉर्म, त्याची मुदत. त्यातून एक उत्तर बेताबेतानं बनलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, माडीवरच्या त्या दुपारनंतर.

"बरं," ती म्हणाली. "मंग नागपूरच्या कोणाले इचारीन. तुम्हाले समजलं त तुम्हीबी सांगजा."